खाडीकाठची गिटार

घोडबंदरचा पावसाळा नुसता आभाळातून पडत नाही, तो खाडीतूनही वर येतो. किल्ल्याच्या टेकडीवर उभं राहिलं की एका अंगाला रुंदावलेली खाडी, काठाने तिवरांची झाडी आणि पलीकडे वसईची बाजू दिसते. दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. भाईंदरच्या मिठागरांवरून येणारा वारा खारट असतो. जून ते सप्टेंबर हवेतली सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस 80 टक्क्यांच्या वर राहते. दारं चौकटीत अडकतात, मिठाला पाणी सुटतं, चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते. त्याच घरात भिंतीला टेकवून ठेवलेली गिटार हीच हवा गुपचूप पीत असते.

तारांची युरोपीय वाद्यं या किनाऱ्याला नवी नाहीत. 1534 ते 1739 वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. घोडबंदरचा किल्लाही त्यांचाच. 1672 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेचा हल्ला त्यांनी परतवला. 1737 मध्ये मात्र किल्ला मराठ्यांनी घेतला. सत्ता गेली, सूर राहिले. उत्तन-डोंगरीपासून वसईपर्यंतच्या चर्चमध्ये पाश्चात्त्य संगीताचे धडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या वादकांनी विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांना आकार दिला. धोबी तलावाजवळचं फुर्टाडोज हे वाद्यांचं घराणं तर 1865 पासूनचं. आता घोडबंदर रोडच्या उंच इमारतींतून सुट्टीच्या दिवशी मुलं पाठीवर काळ्या गिग बॅगा अडकवून क्लासला निघतात.

या वाद्याशी आपलं नातं वाजवण्यापुरतं नाही. ॲकॉस्टिक गिटारचा वरचा पातळ तक्ता बहुधा थंड मुलखातल्या स्प्रूसचा असतो. पण पाठ आणि बाजू पुष्कळदा शिसवीच्या असतात, आणि हा शिसव सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या जंगलांत वाढतो. ब्राझीलचा रोझवुड मिळेनासा झाला तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने 1969 मध्ये आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी भारतीय शिसव घेतला. इतर कारखानेही त्याच वाटेने गेले. हे लाकूड इतकं मोलाचं ठरलं, की 2017 मध्ये शिसवाच्या वंशातल्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं. तयार वाद्यांना त्यातून 2019 मध्ये सूट मिळाली.

आणि वरची चकाकी? तीही मुळात इथलीच. उत्तम प्रतीच्या क्लासिकल गिटारींना आजही लाखेचं फ्रेंच पॉलिश करतात. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि स्वतःभोवती राळेचं कवच बांधतात. झारखंड-छत्तीसगडपासून आपल्या गोंदिया-गडचिरोलीपर्यंत ही लाख गोळा होते. जुन्या पद्धतीत ती कापडाच्या लांब पिशवीत भरून निखाऱ्यांसमोर पिळत. वितळून बाहेर आलेला गोळा कारागीर हातांनी, पायांनी आणि दातांनी ताणून पापुद्र्यासारखा पातळ करी. तोच चपडा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापसाचा बोळा सुती फडक्यात बांधून त्यात भिजवायचा, तेलाचा एखादा थेंब घ्यायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. एकावर एक अनेक हात बसतात, तरी सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या काही शतांश भागांपलीकडे जात नाही. तक्ता मोकळेपणाने थरथरतो तो या पातळपणामुळे. मिरजेच्या तंबोऱ्यावरची झळाळीही परंपरेने याच लाखेची. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी शस्त्रांकडून तंतुवाद्यांकडे हात वळवला. त्या गावाच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

तरीही गिटार घोडबंदरात कष्टी होते. याचं कारण तिच्या पोटात आहे.

बाहेरून आरशासारखी लखलखणारी गिटार आतून कोरी असते. गोल छिद्रातून बॅटरीचा उजेड आत टाकला, तर उघडं लाकूड दिसतं, त्याला पॉलिशचा स्पर्शही नसतो. बाहेरचा थरसुद्धा बाष्पाची चाल मंद करतो, ती थांबवत नाही. म्हणून पॉलिशची बाटली रिकामी केली तरी दमटपणापासून गिटार वाचत नाही. बाष्प आतल्या बाजूने तक्त्यात शिरतंच.

किती शिरतं, याचा हिशेब करता येतो. 50 टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे 9 टक्के पाणी धरून ठेवतं. 80 टक्क्यांच्या हवेत सुमारे 16 टक्के. या फरकाने 40 सेंटिमीटर रुंदीची स्प्रूसची मोकळी फळी जवळपास 4 मिलिमीटरने रुंदावते. गिटारचा तक्ता मात्र मोकळा नसतो. त्याच्या कडा बाजूंना चिकटवलेल्या असतात आणि पोटाखाली लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो. आडवं पसरायला जागा न मिळालेला तक्ता वर फुगतो. त्याची जाडी उणीपुरी 3 मिलिमीटर, आणि त्यावर सहा स्टीलच्या तारांचा मिळून सुमारे 70 किलोंचा ताण.

फुगलेला तक्ता ब्रिजला, म्हणजे तारा जिथे तक्त्याला अडकवतात त्या पट्टीला, वर उचलतो, म्हणून तारा मानेवरच्या फ्रेटबोर्डपासून दूर जातात. मे महिन्यात सहज दबणारी तार जुलैत बोटं दुखवते. नवशिक्या मुलाला वाटतं, आपला हात बिघडला. आवाज सादळतो: नाद आखूड होतो, कडा बोथट होतात. ब्रिजची मागची कड तक्त्यापासून सुटू लागते. तिथे कागदाचा कपटा सरकवून पाहावा. तो आत गेला तर तारा लगेच सैल कराव्यात आणि वाद्य दुरुस्तीच्या कारागिराकडे न्यावं. तारांना गंज चढतो, फ्रेट हिरवट पडतात, केसच्या मखमली अस्तरात बुरशीचा वास भरतो.

मग हिवाळा येतो आणि खेळ उलटतो. जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे दुपारची हवा कोरडी करतात. वातानुकूलन चालू असलेल्या खोलीत ती आणखी कोरडी होते. लाकूड आकसतं, तक्ता खाली बसतो, तारा फ्रेटला घासून खरखरतात. फ्रेटबोर्डची रुंदी कमी झाल्याने फ्रेटची धातूची टोकं बाहेर येऊन तळहाताला टोचतात. भेग पडायची ती अशा वेळी. रात्रभर एसी आणि दिवसभर उघडी खिडकी असलेल्या खोलीत तर हे दोन्ही ऋतू चोवीस तासांत येऊन जातात. एकाच पातळीवर टिकलेला दमटपणा लाकूड बरंच सोसतं. रोजच्या या हेलकाव्यांनी सांधे आणि सरस थकतात.

मोठे कारखाने गिटारसाठी 45 ते 55 टक्के आर्द्रतेची शिफारस करतात. पण त्यांच्या पुस्तिकांतला बहुतेक सल्ला बर्फाळ हिवाळ्यात तापवलेल्या घरांसाठी असतो: ओला स्पंज ठेवा, हवेत बाष्प सोडा. खाडीकाठी पावसाळ्यात तो पाळला तर वाद्याचं नुकसानच होईल. इथे वर्षातला मोठा काळ बाष्प काढून घ्यायचं असतं.

त्यासाठी महाग काही लागत नाही. घट्ट बंद होणारी केस हे पहिलं साधन. संपूर्ण खोलीची हवा आवरण्यापेक्षा केसच्या पोटातली हवा आवरणं कितीतरी सोपं. केसमध्ये छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा. सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की ते पाण्याने भरले असं समजून मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करावेत, आणि तयार कागदी पुड्या असतील तर त्या बदलाव्यात. दोन्ही बाजूंनी काम करणारी पाकिटंही मिळतात. हवा दमट असेल तर ती बाष्प घेतात, कोरडी असेल तर देतात. घोडबंदरच्या जुलैत ती लवकर दमतात, म्हणून मापकावर नजर हवीच. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा खालून-वरून पुसाव्यात. बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पश्चिमेच्या ओलाव्याच्या भिंतीवर, गिटार टांगू नये.

उन्हाळ्यात वेगळी काळजी. घोडबंदर रोडची वाहतूक कोंडी सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत, डिकीत तर खासच, तापमान इतकं चढतं की सरस मऊ पडतो आणि 70 किलोंचा ताण आपलं काम करतो. गाडीतून उतरताना गिटारही उतरवावी.

सगळ्याच गिटारी सारख्या नाजूक नसतात, हेही पालकांनी जाणून घ्यावं. शिकण्यासाठी घेतलेल्या स्वस्त गिटारचा तक्ता बहुधा प्लायवुडचा असतो. त्यातले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने तो फुगण्या-आकसण्याला फारशी दाद देत नाही. नाद कमी, सोशीकपणा जास्त. अखंड लाकडाचा तक्ता असलेलं वाद्य सुरेल आणि तितकंच हळवं. महाग गिटार घेताना तिच्यासाठी चांगल्या केसचे पैसे बाजूला ठेवणं हा त्या खरेदीचाच भाग धरावा.

आता चकाकीकडे. आपल्या गिटारवर कोणतं आवरण आहे हे कळल्याशिवाय तिला काहीही लावू नये. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं. म्हणजे सॅनिटायझरचा ओला हातही त्यावर डाग उठवतो. घाम आणि उष्णता यांनी ते मऊ पडतं. जुन्या आणि महागड्या अमेरिकी गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. ते वर्षांनुवर्षं पिवळसर होत जातं, त्यात बारीक रेषांचं जाळं उमटतं. रबर किंवा प्लास्टिकच्या पट्ट्याशी, स्टँडच्या गादीशी ते सतत टेकून राहिलं तर चिकट होऊन तिथे कायमचा व्रण राहतो. आजच्या बहुतेक कारखानी गिटारींवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर असतं. ते टणक आणि सोशीक असतं, पण जाड दिलं तर तक्त्याचा आवाज दाबतं. मॅट आवरण घासून चमकवायला गेलं तर तेवढाच भाग तुकतुकीत होतो आणि परत मूळपदावर येत नाही. डास पळवणाऱ्या काही मलमांत डीईईटी नावाचं रसायन असतं. ते प्लास्टिक आणि रोगण दोन्ही विरघळवतं. खाडीकाठी संध्याकाळी वाजवायला बसणाऱ्याने मलम लावल्यावर हात धुऊनच गिटार घ्यावी.

रोजच्या स्वच्छतेला धुतलेलं जुनं सुती कापड पुरतं. चिवट डाग असेल तर तोंडाची वाफ द्यावी आणि पुसावं. फर्निचरवर मारायच्या सिलिकॉनच्या फवाऱ्यांपासून दूर राहावं. सिलिकॉन लाकडात मुरलं की पुढे कारागिराने कितीही मेहनत घेतली तरी नवा थर नीट धरत नाही. शिसवीच्या किंवा एबनीच्या फ्रेटबोर्डला वर्षातून एकदा-दोनदा तेलाचे मोजके थेंब चोळून जादाचं पुसून टाकावं. पावसाळ्यात तेवढ्याचीही गरज नसते.

लाखेचं पॉलिश नव्याने करून घ्यायचं असेल तर ते पावसाळ्यात करू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प तिथे जमतं आणि थरात पांढरट धुकं अडकतं. दिवाळीनंतरची कोरडी, निवळ हवा या कामासाठी उत्तम.

ओरखड्यांनी घाबरून जाणारे पुष्कळ असतात. अमेरिकी गायक विली नेल्सन यांनी 1969 मध्ये घेतलेली मार्टिन गिटार, जिला ते ट्रिगर म्हणतात, अर्ध्या शतकाच्या वादनाने इतकी झिजली आहे की नखीने खरवडून तक्त्याला मूळ छिद्राशेजारी दुसरं भोक पडलं. तिच्यावर ठरावीक काळाने लॅकरचे हात देतात, सांगाडा तपासतात. भोक मात्र बुजवलेलं नाही. वाद्य वाजतं आहे, कारण सांधे आणि ताण यांची निगा राखली गेली. बोटांनी घासून फिकट झालेला भाग, बाहीच्या घर्षणाने गेलेली झळाळी, बटणाचा चरा या वापराच्या खुणा आहेत. फुगलेला तक्ता, सुटलेला ब्रिज, वाकलेली मान हे आजार आहेत. पैसा आणि काळजी आजारांवर खर्च करावी.

घरात गिटार असलेल्या घोडबंदर-भाईंदरच्या प्रत्येक कुटुंबाला एवढीच विनंती: पुढचा पाऊस सुरू होण्याआधी पॉलिशच्या बाटलीऐवजी आर्द्रतामापक विकत घ्या, तो केसमध्ये ठेवा आणि रोज त्यावर एक नजर टाका. आकडा 60 च्या वर जाऊ लागला की सिलिका जेल बदला, 40 च्या खाली गेला की एसीच्या झोतातून गिटार हलवा, आणि मूल तार दाबताना कण्हलं तर त्याला रागावण्याआधी ब्रिजमागचा तक्ता तपासा.