रेघेच्या वरचं पाणी

गेल्या जूनमध्ये पंचगंगेकाठच्या, करवीर तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या देवळाच्या भिंतीवरची लाल रेघ खरवडून काढली. रेघ मीच मारलेली होती, २००६ साली. माझा उजवा खांदा आता डोक्याच्या वर जात नाही. त्यामुळे पत्रा घेऊन खरवडायचं काम माझ्याबरोबर शिकायला आलेल्या मुलीनं केलं, मी शिडी धरून उभा राहिलो. ऑइलपेंट चांगल्या प्रतीचा होता. निघता निघत नव्हता.

त्या रेघेचा मला फार अभिमान होता. २००५च्या महापुरानंतर गावोगावचे आपत्ती आराखडे करायला लागलो, तेव्हा देवळाच्या, शाळेच्या, दूध सोसायटीच्या भिंतीवर पुराची पातळी रंगवायची ही माझी कल्पना. कुठल्याही प्रशिक्षणात माझी पहिली स्लाइड त्या रेघेच्या फोटोची असे. लोक टाळ्या वाजवत आणि मला त्या हव्याशा वाटत. आराखडा कपाटात जातो, रेघ मात्र रोज डोळ्यांसमोर राहते, असं मी सांगायचो. ते खरंच होतं. रेघ लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली, म्हणूनच घात झाला.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फुटांची. पूर ओसरल्यावर त्या गावात गेलो, तर एका आक्कांनी घरात नेऊन भिंतीतली फळी दाखवली. देवळावरच्या रेघेची उंची त्यांनी नळीतल्या पाण्यानं घरापर्यंत आणली होती, गवंड्याकडून. तिच्या वर वीतभर सोडून फळी ठोकली होती. सातबारा, सोसायटीचं पासबुक, मालकांचा फोटो, सगळं त्या फळीवर. आणि पाणी फळीच्या वर हातभर चढलेलं. "तुमच्या रेघंच्या वरच ठेवलं हुतं की सगळं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. उलट मला चहा दिला, एवढं पाणी येईल हे कुणाला ठावं हुतं, म्हणून माझीच समजूत घातली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मागे काय घडलं ते मी लिहिलं होतं. लोकांनी ते वचन म्हणून वाचलं.

त्यानंतर मी जे केलं, त्याची मला जास्त लाज वाटते. २०१९ची दुसरी रेघ मारली. २०२१ला पाणी त्याच्याही वर गेलं, तेव्हा तिसरी मारली. तीन रेघांची भिंत फोटोत आणखी चांगली दिसायला लागली. गाव म्हणायला लागलं, आता ह्याच्या वर काय येत न्हाई.

ही मुलगी पहिल्या दिवशी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि तिनं विचारलं, "सर, या रेघा बघून माणसानं करायचं काय?" मला उत्तर देता आलं नाही.

आमच्या नदीचं पाणी डोंगरातल्यासारखं अंगावर येत नाही. ते बोटाबोटानं चढतं. रात्रभरात उंबऱ्याच्या एका पायरीवरून दुसरीवर येतं. माळीणला किंवा तळियेत दरड कोसळली, तिथं विचार करायला क्षण नव्हता. इथं विचार करायला तीन दिवस मिळतात, आणि त्या तीन दिवसांत घर न सोडण्याची तीनशे कारणं सापडतात. कोरडं घर कसं सोडायला लावायचं, एवढ्या एकाच प्रश्नाशी मी वीस वर्षं झटतो आहे. उशिरा निघणं म्हणजे बोटीनं निघणं. ८ ऑगस्ट २०१९ला ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली, तेव्हापासून बोटीची रंगीत तालीम बघवत नाही मला. तिला सगळा गाव जमतो. कोरड्या रस्त्यानं म्हशी हाकत माळावर जायच्या तालमीला मात्र सात माणसं आली होती.

नृसिंहवाडीचा मला हेवा वाटतो. कृष्णेचं पाणी देवळात चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात. पाणी खरंच वाढेल का, मागच्या साली कुठवर आलं होतं, याची चर्चा तिथं होत नाही. पाणी अमुक ठिकाणी टेकलं की अमुक करायचं, हे आधीच ठरलेलं असतं. देवाला जे लागू आहे ते म्हशीला का लागू करता येऊ नये?

आराखड्यांबद्दल बोलायचं तर मन कडू होतं. शहरात बसून शंभर गावांचे आराखडे महिन्यात करून देणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. गावाचं नाव बदलतं, आतला मजकूर तोच. बदली होऊन गेलेल्या तलाठ्याचा नंबर, पुरात सगळ्यात आधी बुडणारी शाळा निवारा म्हणून. माणसांची गणती असते, जनावरांची नसते. ज्याच्या दावणीला दोन दुभत्या म्हशी आहेत, तो त्यांना सोडून हलणार नाही, हे ज्याला कळत नाही त्यानं या खोऱ्यात आराखडा लिहूच नये.

आम्ही आता रेघा नाही, आकडे लिहितो. प्रत्येक गल्लीच्या तोंडाच्या खांबावर. ते काढायला अख्खा उन्हाळा गेला. पाणी तुमच्या दारात किती तारखेला आलं, असं विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. पण सांजच्या धारेच्या आधी की नंतर, हे प्रत्येक बाईला आठवतं. त्या धारांच्या वेळा मुलीनं पाटबंधारे खात्याच्या नोंदींशी जुळवल्या. तेव्हा कळलं की आक्कांच्या गल्लीत पाणी शिरायच्या कितीतरी आधी, राजारामला ४१ फूट असतानाच, शिवारातली मोरी बुडते आणि वाट बंद होते. घर कोरडं, पण बाहेर पडायला रस्ता नाही. इतकी वर्षं मी घराच्या भिंतीकडे बघत होतो, त्या मोरीवरून दर वेळी गाडी नेत होतो.

म्हणून आक्कांच्या गल्लीच्या खांबावर लिहिलं: राजाराम ३९ फूट, जनावरं बाहेर. ४० फूट, माणसं बाहेर.

रंग ओला असताना आक्का आल्या. वाचलं. "दारात धुरळा उडत असताना घर सोडायचं व्हय?"

"व्हय, आक्का."

त्या खांबाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. पर म्हस कुणाच्या दारात बांधू, ते आधी सांगा."

माळावरच्या गावात चार गोठे पाहून ठेवलेत. दोघांनी होकार दिलाय. वैरण कुणी आणायची, यावर अजून अडलंय.