गंगाराम कांबळे यांचे हॉटेल आणि आमची चटणी

नोकरी लागली की पेढे वाटायचे आणि धंदा काढला की काळजी करायची, ही आपल्या घरांची जुनी रीत आहे. ती रीत उगाच पडलेली नाही. पगार पहिल्या तारखेला येतो आणि तो कुणाच्या हातचा, असे कुणी विचारत नाही. धंद्यात मात्र हा प्रश्न पहिला येतो. त्यातून खाण्याच्या वस्तूचा धंदा असेल तर मग बोलायलाच नको!

खुद्द बाबासाहेबांनाही हा अनुभव चुकला नाही. परदेशातून शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचे काम सुरू केले होते. अर्थशास्त्राचा एवढा मोठा अभ्यासक सल्ला द्यायला बसला होता. परंतु सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि ते काम बंद पडले. माल सोन्यासारखा होता, पण तो उघडपणे घेणारे पहिले गिऱ्हाईक पाठीशी उभे राहिले नाही.

हे सारे आम्हाला आमच्या मामांनी समजावून सांगितले. मामा म्हणजे आमच्या कोल्हापुरातल्या वसाहतीतले एक वडीलधारे गृहस्थ. सायकलला पिशव्या अडकवून त्यांनी अगरबत्ती आणि फिनेल विकायला सुरुवात केली. आज त्यांचे स्वतःचे दुकान आहे आणि चाळीसएक दुकानांना त्यांचा माल जातो. आम्ही नऊ जणींनी बचत गटातून प्रत्येकी दोन हजार, असे अठरा हजार रुपये काढून कांदा-लसूण चटणीचा धंदा करायचे ठरवले, तेव्हा सल्ल्यासाठी त्यांच्याकडेच गेलो.

मामांनी आधी आपली हकिगत सांगितली. नव्या दुकानात गेले की ते मालाचे गुणगान करीत बसत नसत. बादली मागून घेत, त्यात फिनेल टाकत आणि दुकानाची पायरी स्वतः धुऊन देत. पंधरा दिवसांनी परत जात आणि "पैसे द्या" म्हणण्याआधी विचारत, "बाटली संपली का?" त्यांचे म्हणणे असे की, माल दुकानात गेला म्हणजे विकला गेला असे नाही, तो घरात संपला म्हणजे विकला गेला. आम्हाला त्यांनी एक वही घालून दिली. तिच्यात दोन रकाने आखले. एकात पहिल्यांदा घेणाऱ्याचे नाव, दुसऱ्यात तोच परत आला त्याची तारीख. "पहिला रकाना ओळखीनं भरतो," ते म्हणाले, "दुसरा मात्र चवीनंच भरतो."

आम्ही कामाला लागलो. तिखटासाठी संकेश्वरी मिरची, रंगासाठी ब्याडगी. कांदा तळायचा, खोबरे आणि तीळ भाजायचे आणि सगळे डंकावर कुटून आणायचे. प्रत्येक जिन्नस तराजूत तोलून घ्यायचा, म्हणजे नऊ हातांची चटणी नऊ चवींची होणार नाही.

अडचण आली ती पाकिटावरच्या पत्त्याची. बंद पाकिटावर बनवणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता छापावाच लागतो, तसा कायदा आहे. आमच्या वसाहतीच्या नावातच बाबासाहेबांचे नाव आहे. एका दुकानदाराने बारा पाकिटे ठेवून घेतली आणि आठवड्याने बाराच्या बारा परत केली. त्याने चटणी चाखूनसुद्धा पाहिली नव्हती. पत्त्यावर बोट ठेवून तो एवढेच म्हणाला, "गिऱ्हाईक वाचतंय हो."

त्या रात्री आमच्यापैकी काही जणींना झोप लागली नाही. अठरा हजार रुपये कुणाच्या मुलाच्या फीचे होते, कुणाच्या घराच्या पत्र्याचे होते. एकीचा भाऊ दुसऱ्या भागात राहतो, त्याचा पत्ता छापावा, असा विचार निघाला. मामांनी ऐकून घेतले आणि गंगाराम कांबळे यांची गोष्ट सांगितली.

गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर त्यांचे 'सत्यसुधारक' हॉटेल सुरू झाले. चहा चांगला, भांडी स्वच्छ, तरी गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी हॉटेलसमोर थांबवून भर रस्त्यात चहा मागवू लागले आणि सोबतच्या वरिष्ठ जातीच्या मंडळींनाही तोच चहा पाजू लागले. सहीसाठी कागद घेऊन येणाऱ्यांना ते आधी गंगारामांचा चहा प्यायला लावीत, असेही सांगतात.

"बघा," मामा म्हणाले, "महाराजांनी नुसते पैसे देऊन हात झटकले नाहीत. ते सगळ्यांच्या देखत पहिले गिऱ्हाईक झाले. पण चहा बेचव असता, तर दुसऱ्या दिवशी महाराजांच्या धाकानं किती जण आले असते? पहिला कप महाराजांनी खपवला, दुसरा गंगारामांनी. आणि हॉटेलवर पाटी होती, लपवाछपवी नव्हती. पत्ता बदललात आणि उद्या तो उघडा पडला, तर चटणीबरोबर शब्दही जाईल."

पत्ता आहे तोच राहिला. मामांनी आमची पाकिटे आपल्या गल्ल्याजवळ मांडली, पत्ता दिसेल अशी. मग त्यांच्या ओळखीच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी दहा पाकिटे रोखीने घेतली. हे गृहस्थ आपल्या समाजाचे नाहीत. आपल्या गल्लीत त्यांनी ती स्वतः दिली, आणि कुठे व कुणी बनवली ते सांगून दिली. तीन महिन्यांनी वही उघडली तेव्हा पहिल्या रकान्यात चौसष्ट घरे होती आणि दुसऱ्यात एकेचाळीस. अठरा हजार सुटले असून आता मिरची आम्ही आमच्या नफ्यातून घेतो. तो दुकानदार अजून आमचा माल ठेवत नाही. पण ज्या एकेचाळीस घरांत आमची चटणी संपली, त्यांनी पत्ता वाचूनच ती पुन्हा मागवली, ही गोष्ट आम्हाला नफ्याहून मोठी वाटते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपण राजे नाही. पण पहिले गिऱ्हाईक होणे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. आपल्यातल्या कुणी पिठाची गिरणी, शिलाईचे दुकान किंवा चहाची टपरी काढली, तर तिथे उधारी मागू नका, "आपलाच आहेस, कमी कर" म्हणू नका. रोख द्या आणि चार लोकांच्या देखत घ्या. माल वाईट निघाला तर मागे कुजबुजू नका, तोंडावर सांगा, म्हणजे त्याला सुधारता येईल. आपला म्हणून एकदा घ्या, चांगला म्हणून दुसऱ्यांदा घ्या. आणि धंदा करणाऱ्यांनो, पाटीवर नाव ठसठशीत लिहा आणि त्या नावाला शोभेल असाच माल विका.