पोटरीतला गोळा

रात्री कुणाच्या पोटरीत गोळा आला की सगळं घर उठतं आणि जो तो एकेका कमतरतेचं नाव घेतो. आजी म्हणते, पायांना तेल कमी पडलं. आई म्हणते, दिवसभर पाणी कुठे पितोस? बाबांना कॅल्शियमची शंका येते, आणि जिमला जाणारा धाकटा मॅग्नेशियमची बाटली घेऊन उभा. ज्याचा पाय आहे तो दात आवळून पडलेला असतो. त्याला कुणी काही विचारत नाही. दुखलं की काहीतरी उणं पडलं असणार, हा आपला पिढीजात हिशेब.

हिशेब सगळाच खोटा नाही. पटकीत माणसाच्या अंगातून लिटरच्या लिटर पाणी आणि त्याबरोबर क्षार निघून जातात, आणि पोटऱ्यांना असे वांब येतात की धडधाकट माणूस ओरडतो. इंग्लंडातल्या खोल, तापलेल्या कोळशाच्या खाणींतही हेच. १९२३ साली के. नेव्हिल मॉस यांनी दाखवून दिलं की घामाने निथळणारे कामगार नुसतं साधं पाणी ढोसत, म्हणून त्यांना पेटके येत. पाण्यात मीठ घातलं की त्रास कमी होई. आपल्याकडे उन्हातून आलेल्याला कैरीचं पन्हं देतात, त्यातल्या चिमूटभर मिठाला मॉसची शिफारस लागली नाही.

पण अंथरुणात पडलेल्या माणसाला घाम कुठे आलेला असतो? वारीतही बघा. पुण्याहून सासवडचा मोठा टप्पा, मध्ये दिवे घाट. चढावर पाय चालत राहतात. मुक्कामाला पाठ टेकली की मग ते बंड करतात, आणि राहुटीत कुणीतरी कुणाचेतरी पाय धरून बसलेलं असतं. मीठ-पाणी तर वाटभर पोटात गेलेलं असतं.

मला यातली खरी गंमत वाटते ती ही की गोळा हा उणेपणाचा नसून अतिरेकाचा आजार दिसतो. स्नायूला आखडायला सांगणारी मज्जातंतूची पेशी एकदम भराभर हुकूम सोडू लागते आणि थांबायचं विसरते. एरवी तिला लगाम असतो. स्नायूच्या टोकाशी, कंडरेत, ताण मोजणारी इंद्रियं असतात. ताण वाढला की ती कण्याकडे ‘पुरे’ असा निरोप धाडतात. त्यांना कॅमिलो गोल्जी या इटालियन शास्त्रज्ञाचं नाव आहे. झोपेत पाऊल खाली वळतं, वरून गोधडीचा भार, पोटरी आधीच आखूड झालेली. कंडरा सैल, म्हणजे निरोप क्षीण. दमलेल्या स्नायूत हा तोल आणखी बिघडतो, असं दक्षिण आफ्रिकेतल्या मार्टिन श्वेल्नस यांनी १९९०च्या दशकात मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण पाऊल धरून बोटं नडगीकडे ओढली की गोळा का सुटतो, हे त्यातून छान उलगडतं. कंडरा ताणली गेली, निरोप पोचला. चरकसंहितेने वाताच्या ८० विकारांत पोटरीच्या पिळवटण्याला जागा दिली होती. वात म्हणजे चलनवलन. कॅल्शियमवाल्या बाबांपेक्षा तो अंदाज मला जवळचा वाटतो.

२०१०मध्ये अमेरिकेत एक मजेशीर प्रयोग झाला. मुद्दाम गोळा आणवलेल्या तरुणांना काकडीच्या लोणच्याचा आंबट-खारट रस पाजला. दीडेक मिनिटात गोळा उतरला. एवढ्यात तो रस रक्तातही पोचत नाही. तेव्हा घशातल्या मज्जातंतूंना झिणझिण्या आणून त्याने दूरचा हुकूम मोडला असावा, असं संशोधकांचं म्हणणं. मॅग्नेशियमचं मात्र हसं झालं. वयस्कांच्या रात्रीच्या गोळ्यांवर त्याचा म्हणण्यासारखा उपयोग दिसत नाही, असा वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. धाकट्याला हे अजून सांगितलेलं नाही. क्विनीनने थोडाफार फरक पडतो. पण ते रक्तातल्या बिंबिका आणि हृदयाची लय बिघडवू शकतं, म्हणून घरी कुणाच्या सांगण्यावरून घेण्याची वस्तू ती नव्हे.

गरोदरपण, लघवी वाढवणारी औषधं, डायलिसिस, दिवसभर उभ्याने काम, नुसतं वाढतं वय: गोळ्याच्या वाटा पुष्कळ आहेत, आणि बऱ्याचदा कुठलीच सापडत नाही.

एक दुखणं मात्र गोळ्याच्या वेषात येतं. चालताना ठरावीक अंतरावर पोटरी भरून येते. थांबलं की दोन-चार मिनिटांत मोकळी होते, पुन्हा चाललं की पुन्हा तेच. वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेहींत हे जास्त. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असतात, आणि इथे खरोखरच काहीतरी कमी पडत असतं: रक्त. असा माणूस आला की डॉक्टर नुसती पोटरी चाचपून थांबत नाहीत, घोट्यापाशी बोटं ठेवून नाडी शोधतात.