फळांच्या शोभेचीं झुडुपें

फुलांसाठीं बाग करणारे पुष्कळ. परंतु फुलें गळाल्यावर जीं रंगीत फळें धरतात, त्यांच्या शोभेकरितां झुडूप लावणारा आमच्या परभणी जिल्ह्यांत क्वचितच आढळतो. थंड देशांत या कामीं व्हायबर्नमचा मोठा मान. त्याच्या पुष्कळ जातींना एकट्यानें फळ धरत नाहीं. त्याच जातीचें, पण निराळ्या बीजाचें दुसरें रोप शेजारीं असावें लागतें. परंतु उन्हाळ्यांत ४० अंशांपलीकडे तापणाऱ्या आमच्या मुलुखांत त्याचा निभाव लागणें कठीण. म्हणून शाळेच्या आवारांत आम्हीं डुरांटा व कुंती हीं पसंत केलीं.

डुरांटा मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतला. १६ व्या शतकांतील कास्तोरे दुरांते या इटालियन वैद्याचें नांव त्यास मिळालें आहे. निळ्या-जांभळ्या फुलांमागून सोनेरी मण्यांचे घोस लोंबूं लागतात. पण कुंपण म्हटलें कीं माळ्याची कात्री थांबते कोठें! फुलें नव्या फांदीच्या शेंड्यास येतात. तो शेंडाच दर पंधरवड्यास छाटला, तर फळ यावें कोठून? आम्हीं घोस निवडले, व कुंपण विस्कटलेलें दिसतें ही टीका आनंदानें सोसली.

हे मणी मात्र विषारी आहेत. पांखरें ते खुशाल खातात, यावरून मुलांनींही खावे असें ठरत नाहीं. बालवर्गाच्या बाजूस आम्हीं डुरांटा मुळींच लावला नाहीं. मोठ्या मुलांस तो नीट ओळखावयास शिकविलें. सर्वच उपटून टाका, असा सल्ला एका सद्गृहस्थांनीं दिला. परंतु हें झुडूप गांवांत ठिकठिकाणीं आहे. शाळेंतलें उपटून मुलांची ओळख तेवढी बुडाली असती.

बालवर्गापाशीं कुंती आहे. ही संत्र्या-लिंबांच्या कुळांतली. पांढऱ्या सुवासिक फुलांनंतर तिला नारिंगी-तांबडीं फळें येतात. वाढ मंद. बी फार दिवस टिकत नाहीं. गर धुऊन लगेच पेरावें. काळ्या मातींत पाणी सांचून मुळें कुजतात, यास्तव रोप किंचित् उंचवट्यावर लावावें. ज्यांच्या घरीं मोसंबीची बाग आहे त्यांनीं मात्र कुंतीच्या वाटेस जाऊं नये. सिट्रस सायला ही कीड तिच्यावर पोसते, आणि तीच मोसंबींत ग्रीनिंग रोग पसरविते. यंदा रोपें वाटतांना दोघां विद्यार्थ्यांस आम्हीं याच कारणानें कुंती नाकारली, व तिच्या ऐवजीं जास्वंदीच्या दोन काड्या दिल्या.