समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर

1.
टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. काच बारा मिलीमीटर. पाणी मावतं 680 लिटर. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून जड, म्हणजे पाणीच सातशे किलोच्या आसपास. काच सव्वाशे किलो. वर स्टँड, दगड, वाळू. सगळं मिळून टनाच्या घरात.

2.
राहत्या घराचा स्लॅब आखताना वापराचा भार दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो धरतात. ही टाकी जेमतेम एका चौरस मीटरवर टनभर बसते. भार आजूबाजूला वाटला जातो, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण खालून बीम कुठे जातो ते आधी बघायचं, सोफा कुठे आहे ते नंतर. हॉलच्या मधोमध नको, भिंतीलगत हवी. इमारतीचा नकाशा हाताशी नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवावं. खालच्या मजल्यावरही माणसं झोपतात.

3.
ही टाकी जिथे आहे त्या हैदराबादच्या कुकटपल्लीच्या मधून राष्ट्रीय महामार्ग 65 जातो. एक टोक पुण्याला. दुसरं मछलीपट्टणला, बंगालच्या उपसागरावर. वाटेत सोलापूर.

4.
मछलीपट्टणच्या किनाऱ्यावर प्रवाळाचे खडक नाहीत. कृष्णा तिथे समुद्राला मिळते, गाळ आणि गोडं पाणी घेऊन. प्रवाळाला दोन्ही सोसत नाही: गाळ उजेड अडवतो, वरून बसून गुदमरवतो, गोडं पाणी खारेपणा उतरवतं. हैदराबादला समुद्र म्हणून जो जवळ आहे, तो या टाकीच्या कामाचा नाही.

5.
कुकटपल्लीच्या बाजूला नळाला येणारं पाणी मांजरा आणि गोदावरी यांच्या योजनांमधलं. मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावते, गोदावरी त्र्यंबकेश्वरला. त्या पाण्यातला क्लोरीन आधी कार्बनच्या फिल्टरने काढायचा, मग आरओ, मग डीआयची राळ. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. बोअरचं पाणी त्याच मीटरवर आठशेच्या वर जातं.

शून्य झालं की त्यात समुद्र घालायचा.

6.
एक लिटर चांगलं पाणी काढताना आरओ तीन-चार लिटर बाहेर टाकतो. ते पिंपात धरावं. लादी, गाडी, संडास, सगळं त्यात निघतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या इमारतीत हे पाणी गटारात सोडणं मला मान्य नाही.

7.
मिठाची पोती वर आली तेव्हा कामवाल्या मावशींनी विचारलं, "इत्ता नमक काय कू? अचार डालते क्या?"

680 लिटरला पंचवीस किलोच्या आसपास लागतं. खायचं मीठ चालत नाही. समुद्रात विरघळलेल्या क्षारांपैकी सोडियम आणि क्लोराइड मिळून वजनाने सुमारे 85 टक्के. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. त्या उरलेल्या पंधरा टक्क्यांवर प्रवाळाची हाडं उभी राहतात. मावशींना एवढं सांगितलं की यात माशांना लागतं ते सगळं आहे. "और हमारे नमक में नहीं है?" त्या म्हणाल्या. प्रश्न बरोबर होता.

8.
खारेपणा 35, म्हणजे हजार ग्रॅम पाण्यात 35 ग्रॅम क्षार. तापमान 25 ते 26 अंश. कॅल्शियम 420, मॅग्नेशियम 1300, अल्कलिनिटी आठ-नऊ डीकेएच. हे आकडे फ्रिजवर चिकटवलेले आहेत, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.

या आकड्यांत एकेकाळी मला सगळ्यात महत्त्वाचा खारेपणा वाटायचा. आता अल्कलिनिटी वाटते. आकडा थोडा कमी-जास्त असला तर प्रवाळ निभावून नेतो. रोज हलणारा आकडा त्याला मारतो.

9.
पहिले चार ते सहा आठवडे टाकीत मासा नाही. दगड, वाळू, पाणी आणि पंप. अमोनिया वर जातो, खाली येतो. मग नायट्राइट वर जातं, खाली येतं. मग नायट्रेट. हे काम जिवाणूंचं, आणि ते घाई करत नाहीत.

पाहुणे विचारतात, "मासे कुठे आहेत?"

10.
मग सगळ्या वाळूवर तपकिरी थर येतो. डायटम. पुसायला जायचं नाही. येतो तसा जातो.

11.
कुकटपल्लीतल्या केपीएचबी कॉलनीपासून काही किलोमीटरवर, प्रगतीनगरला, इन्कॉइस आहे: भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र. 1999 साली सुरू झालं. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर देशाचं त्सुनामी इशारा केंद्र इथेच उभं राहिलं, ऑक्टोबर 2007 मध्ये. समुद्रात भूकंप झाला की किनाऱ्याला सावध करायचं की नाही, ते या खडकाळ पठारावर बसलेली माणसं ठरवतात.

मासे कुठे सापडण्याची शक्यता आहे, त्याची माहितीही इथूनच निघते. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघतात. कोकणातल्या मच्छीमारांसाठी ती मराठीतून जाते.

12.
हैदराबादमध्येच, अत्तापूरजवळ, पी. व्ही. नरसिंह राव एक्स्प्रेसवेच्या कडेला, राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळाची इमारत. माशाच्या आकाराची. डोळा, कल्ले, शेपटी.

13.
प्रवाळ म्हणजे प्राणी. त्याच्या पेशींत एकपेशीय शैवालं राहतात, उजेडात अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतात. पाणी फार तापलं की प्रवाळ त्या शैवालांना बाहेर टाकतो. रंग जातो, खालचा चुना दिसतो. या विरंजनाने तो लगेच मरत नाही. पाणी लवकर निवलं तर वाचतो. नाही निवलं तर उपाशी मरतो.

14.
इन्कॉइस 2011 पासून प्रवाळ विरंजनाचे इशारे देतं: अंदमान, निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचं आखात, कच्छचं आखात.

या इशाऱ्यांमागचं गणित असं. वर्षातल्या सगळ्यात उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंशाने वर गेलं, आणि आठवडाभर तसंच राहिलं, की एक 'अंश-आठवडा'. असे चार झाले की विरंजन सुरू होतं. आठ झाले की मोठ्या प्रमाणावर मरतुक.

एक अंश. माझ्या हॉलमधला पंखा बंद केला तरी तेवढा फरक पडतो.

15.
मे महिन्यात कुकटपल्लीत पारा चाळीस-बेचाळीसवर जातो. चिलर लागतोच. तो टाकीतली उष्णता काढून घरात सोडतो, म्हणून त्याची जागा बाल्कनीत.

चिलर नसताना पाण्यावर पंखा लावूनही बरंच साधतं. एक लिटर पाणी उडताना जी उष्णता घेऊन जातं, ती एवढ्या टाकीला पाऊण अंशाहून थोडं जास्त थंड करते. हैदराबादचा उन्हाळा कोरडा, म्हणून ही युक्ती इथे चालते. मुंबईच्या दमट हवेत तितकी चालत नाही. पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. रोज उडालेलं भरून काढायचं ते गोड्या आरओच्या पाण्याने. खारं घातलं तर टाकी हळूहळू मृत समुद्राकडे निघते.

16.
करंट गेला की सगळ्यात आधी आठवायचा तो प्राणवायू. दिवे नसले तरी चालतं, चिलर नसला तरी तास-दोन तास चालतं. पाणी हलणं थांबलेलं चालत नाही. बॅटरीवरचा एअरपंप टाकीशेजारीच टांगलेला असावा, माळ्यावर नाही. घरातल्या प्रत्येकाला तो लावता आला पाहिजे, आजीलासुद्धा. आमच्या आजींना येतो.

17.
क्लाउनफिशची जोडी. मोठी ती मादी, लहान तो नर. ती जवळ आली की तो आडवा होतो आणि अंगभर थरथरतो, विजेचा झटका बसल्यासारखा. म्हणजे मी लहान, तू मोठी. मग दोघं शांतपणे एका कोपऱ्यात. मादी मेली तर उरलेला नर काही दिवसांत मादी होऊ लागतो. यांच्यात प्रत्येक जण आधी नर असतो.

18.
कोळंबीने कात टाकली. तळाशी पडलेलं पारदर्शक कवच, मिशांसकट पूर्ण. मुलगी रडली. अर्ध्या तासाने खरी कोळंबी दगडाखालून बाहेर आली.

19.
1951 मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. समुद्र रस्त्यापलीकडे.

20.
इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये लिहिलं की फिल्टरचा पसारा न मांडताही जिवंत दगड, उजेड आणि पाण्यात सोडलेले हवेचे बुडबुडे यांच्यावर खाऱ्या पाण्याची टाकी टिकते. बाकी जगाला ते पटायला बरीच वर्षं लागली. आज आपण जे करतो त्याचा पाया तोच: गाळणी यंत्रात कमी, दगडात जास्त.

त्यांच्या दाराशी समुद्र होता. कुकटपल्लीत यंत्रं थोडी जास्त लागतात.

21.
प्रवाळाला वाढायला कॅल्शियम लागतं, अल्कलिनिटी लागते. दोन्ही एकदम देणारी जुनी आणि स्वस्त गोष्ट म्हणजे चुन्याची निवळी. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, लिटरला दीड ग्रॅम, ढवळून बाजूला ठेवायचं. चोथा खाली बसतो, वरचं नितळ पाणी थेंबथेंब सोडायचं. रात्री सोडावं. अंधारात शैवालांचं काम थांबतं, पाण्यात कर्बवायू वाढतो आणि पीएच उतरतो. निवळी तो सावरते. एकदम ओतली तर पाणी दुधासारखं होतं आणि मासे तडफडतात. पानाच्या टपरीवरचा चुना यासाठी वापरू नये, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही.

आजींनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली. "ही आम्ही कोहळ्याच्या पेठ्याला करायचो."

22.
सराफाकडे मंगळासाठी पोवळ्याची अंगठी. औषधाच्या दुकानात प्रवाळपिष्टी. अंगठीतलं लाल पोवळं बहुतेक भूमध्य समुद्रातलं. ते अंधाऱ्या जागी वाढतं, त्याच्या अंगात शैवालं नसतात आणि ते खडक बांधत नाही.

23.
मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे. 1987 मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. स्नॉर्केलिंगला गेलात तर पाय खाली टेकू नका. तुम्हाला दगड वाटतो त्यावर कुणीतरी राहतं.

विजयदुर्गपासून शंभराहून जास्त किलोमीटर आत, पाण्याखाली, आंग्रिया बँक. नाव कान्होजी आंग्र्यांचं. तिथे मराठी माणूस सहसा पोचत नाही, म्हणून ते बरं आहे.

24.
मुंबईत किनारी रस्त्याच्या कामासाठी 2020 मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या 18 प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे नेऊन लावल्या. त्यासाठी आधी वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली.

25.
ती परवानगी का घ्यावी लागली, ते टाकी ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972. 2001 मध्ये खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे पहिल्या अनुसूचीत आले. वाघ आहे त्याच यादीत. समुद्रघोडेही तेव्हाच तिथे आले. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. मेलेला तुकडाही चालत नाही, म्हणून समुद्रातून काढलेला दगड घेऊच नये. टाकीत कृत्रिम दगड घालावा. जिवाणूंना सच्छिद्र जागा मिळाली की झालं, दगड कुणी बनवला याची त्यांना पर्वा नाही.

परदेशातून आलेला जीव 'साइट्स' या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला असेल तर 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आयातीचे कागद नसतील तर नोंद कशाची करणार?

26.
शहरातल्या एका दुकानात मागच्या खोलीत जिवंत कठीण प्रवाळ दाखवले. कागद मागितले. "सब चलता, सर." दुकानातून निघालो.

27.
आपल्या टाकीत त्यामुळे झाडीसारखं शिंगाळ प्रवाळ नाही. मऊ प्रवाळ आहेत, मश्रूम आहेत, झोअँथिड आहेत. चित्रातल्यासारखं दिसत नाही. निळ्या दिव्याखाली संध्याकाळी पाहिलं तर मला ते पुरतं.

28.
काचेवर जांभळे ठिपके आले. कोरलाइन शैवाल. टाकी बसू लागल्याची खूण. पुढची काच तेवढी साफ करायची, मागची सोडून द्यायची.

29.
लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये टाकीतल्या प्रवाळाला अंडी सोडायला लावलं. त्यासाठी ऋतूंप्रमाणे पाण्याचं तापमान, सूर्याचा उजेड आणि चंद्राच्या कला, सगळं दिव्यांनी आणि यंत्रांनी घडवलं. निसर्गात कित्येक जातींचे प्रवाळ वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत एकाच वेळी अंडी सोडतात.

आमच्या हॉलमधला ट्यूबलाइट रात्री साडेअकराला बंद होतो.

30.
एप्रिल 2024 मध्ये जगातली चौथी जागतिक विरंजनाची घटना जाहीर झाली. लक्षद्वीपचे प्रवाळही त्या उन्हाळ्यात पांढरे पडले. 1998, 2010, 2016 आणि मग 2024. समुद्राला चिलर लावता येत नाही.

31.
टाकी ठेवायची असेल तर एवढं करा. क्लाउनफिश हॅचरीतले घ्या. आपल्या देशात ते पैदा होतात, नवी मुंबईत ऐरोलीलाही त्यांची हॅचरी उभी राहिली आहे. बंगाई कार्डिनलही पैदाशीचाच मागा. इंडोनेशियातल्या त्याच्या घरी तो धोक्यात आहे. दुकानदाराला विचारा, हा जीव पकडलेला की पैदा केलेला, आणि बिलावर तसं लिहून घ्या. लिहून देत नसेल तर घेऊ नका.