असईचा उतार

असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात झाली. कवायती इंग्रज फौजेपुढे मराठ्यांची हार ठरलेलीच होती, हे रूढ मत या लढाईला लागू पडत नाही. मराठा सरदार दौलतराव शिंद्यांचे स्वतःचे कवायती कंपू होते. हानोव्हरच्या पोलमनच्या हुकमतीखाली सुमारे १०,००० पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा होत्या. नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज वेगळी. इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीपाशी ईस्ट इंडिया कंपनीचे लोक जेमतेम साडेचार हजार, शिवाय म्हैसूर व पेशव्यांचे काही स्वार. दुसरा इंग्रज सेनानी स्टीव्हन्सन याची फौज येऊन मिळाल्यावर २४ तारखेला हल्ला करायचा बेत होता. वेलस्ली थांबला नाही.

केळणेला जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव आणि वरूड ही गावे दिसली. इतकी जवळची गावे येण्याजाण्याच्या वाटेशिवाय राहणार नाहीत, हा त्याचा तर्क खरा ठरला. त्या उतारावर मराठ्यांची चौकीच नव्हती. पाण्यात उतरताना त्याच्या शेजारच्या स्वाराचे डोके तोफगोळ्याने उडाले, तरी फौज पार झाली. लढाईचे पारडे इथेच फिरले असते. चार तोफा आणि एक पलटण त्या काठावर असती, तर दमलेल्या फौजेला नदी ओलांडणे फार महागात पडले असते.

त्यानंतरही निकाल लागलेला नव्हता. पोलमनने भर लढाईत आघाडीची तोंडे फिरवली. ही हालचाल वेलस्लीच्या अंदाजाबाहेरची होती. असई गावाच्या दिशेने भरकटलेल्या इंग्रजांच्या ७४ व्या पलटणीची मराठ्यांच्या तोफांनी दाणादाण उडवली. मेल्याचे सोंग घेऊन पडलेले मराठा गोलंदाज इंग्रज पुढे सरकताच उठले आणि त्यांच्या पाठीवर तोफा डागू लागले. कंपनीचे दीड हजारांवर लोक मारले गेले वा जखमी झाले. मराठ्यांचे बहुतेक घोडदळ मात्र लढाईत उतरलेच नाही, आणि अखेर वेलस्ली जिंकला.

संपूर्ण मोहिमेचा हिशेब निराळा आहे. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने पेशवा आधीच कंपनीच्या छत्राखाली गेला होता. युद्ध सुरू होताच शिंद्यांच्या कंपूंतले इंग्रज अधिकारी नोकरी सोडून गेले. उत्तरेत इंग्रज सेनापती लेकने ४ सप्टेंबरला अलीगड, तर ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई जिंकली. असई जिंकली असती, तरी शिंद्यांना उत्तर हिंदुस्थान राखता आला असता, असे म्हणणे कठीण. दख्खनमध्ये मात्र वेलस्लीची मोहीम कोलमडली असती.

सर्वांत खोल जखम आपसातल्या वैराची होती. यशवंतराव होळकर शिंद्यांच्या मदतीला आले नाहीत. ३० डिसेंबर १८०३ ला शिंदे आणि कंपनी यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. पुढच्याच वर्षी त्याच यशवंतरावांनी इंग्रज अधिकारी मॉन्सनच्या फौजेला मुकुंदरा घाटापासून आग्र्यापर्यंत पिटाळले. तेव्हा शिंदे तहाने बांधले गेले होते.