११२ प्लग

लंडनमधल्या तीन आठवड्यांच्या कामात माझ्या वाट्याला एकच मोकळा रविवार आला. टीममधले बाकीचे सगळे ऑक्सफर्ड बघायला गेले. मी नॉर्दर्न लाइनची ट्रेन पकडून कॉलिंडेलला उतरले आणि हेंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे चालत निघाले. "तुला कधीपासून लढाऊ विमानांची आवड?" असं मैत्रिणीने विचारलं होतं. आवड वगैरे काही नव्हती. मला एकच विमान बघायचं होतं. तेही कशाला, तर ते खरंच तिथे आहे का, हे तपासायला.

निघायच्या आदल्या रात्री मी सांगलीच्या घरी बॅग भरत होते. आबा, म्हणजे माझे आजोबा, दारात येऊन उभे राहिले.

"लंडनला निघालीस व्हय? आमचं एक लिबरेटर नेलंय तिकडं."

"हो हो, आबा," आई म्हणाली. आमच्या घरात आबांना द्यायचं हे ठरलेलं उत्तर आहे. आबांना ऐकू येत नाही. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडायला लागतं, आणि ओरडून बोलायचं तर मोजकंच बोललं जातं. जेवायला चला. गोळी घेतली का. फोन आलाय.

आबा मूळचे सातारा जिल्ह्यातले, कोरेगावकडचे. त्या भागात फौजेत जाण्याचं कोणाला नवल नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या तर नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१मध्ये सुरू झालं, तेही साताऱ्यातच. त्यामुळे आमच्या गावच्या पारावर पासष्टच्या आणि एकाहत्तरच्या लढाईच्या गोष्टी रंगायच्या. कोणाला छर्रा लागलेला, कोणी बर्फात रात्र काढलेली. आबांकडे तसली गोष्ट नव्हती. ते एअरफोर्समध्ये इंजिन फिटर होते. तांबरमला ट्रेनिंग झालं आणि मग पुण्याला, लोहगावच्या तळावर. "तुम्ही काय केलं हो?" असं कोणी विचारलं की म्हणायचे, "प्लग बदललं." लोक हसायचे. आबाही हसायचे.

आज्जी गेल्यावर ते आमच्याकडे सांगलीला राहायला आले. मी तेव्हा बारावीला होते. आबा संध्याकाळी टीव्हीचा आवाज एवढा मोठा करायचे की शेजारच्यांना बातम्या लावायची गरज पडू नये. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी हॉलमध्ये गेले, त्यांच्या हातातून रिमोट ओढून घेतला आणि ओरडले, "तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून आम्हीपण बहिरं व्हायचं का?"

हे मात्र त्यांना नीट ऐकू गेलं.

त्या दिवसापासून आबा टीव्ही म्यूटवर बघतात. दहा वर्षं झाली. क्रिकेट, बातम्या, कीर्तन, सगळं मुकं. मी कधी माफी मागितली नाही. मागायची तर ती ओरडून मागावी लागली असती.

लंडनच्या हॉटेलात पहिल्या रात्री झोप येईना, म्हणून फोनवर सहज 'लिबरेटर' शोधलं. आबांचं खरं होतं. पूर्ण खरं होतं.

बी-२४ लिबरेटर हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन बॉम्बर. अशी १८ हजारांहून जास्त विमानं बनली. त्यातली बरीच अमेरिकेने ब्रिटनला वापरायला दिली होती. युद्ध संपलं की परत करा नाहीतर निकामी करा, अशा बोलीवर. ब्रिटिशांनी भारतातली आपली लिबरेटर कानपूरच्या तळावर जमवली आणि मोडूनतोडून तिथेच टाकून दिली. ती पुन्हा कधी उडू नयेत अशीच मोडली होती. पण स्वतंत्र भारताकडे जड बॉम्बर नव्हतं आणि नवीन घ्यायला पैसेही नव्हते. मग बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या भंगारात हात घातला. याचा पंखा त्याला, त्याचं चाक याला असं करत ४०च्या आसपास विमानं उभी केली. कानपुरात उडण्यापुरती नीट करून ती बंगळूरला नेली आणि तिथे त्यांची पूर्ण दुरुस्ती केली. १९४८मध्ये त्यांचं पहिलं स्क्वाड्रन झालं. १९५१मध्ये दुसरं, सहा नंबरचं स्क्वाड्रन, पुण्यात. समुद्रावर गस्त घालायचं काम त्याच्याकडे होतं. भंगारातून उठवलेली ही विमानं १९६८पर्यंत उडत राहिली.

तोवर जगात बाकीच्यांनी आपापली लिबरेटर कधीच वितळवून टाकली होती. म्युझियमवाल्यांना जाग आली तेव्हा ती शिल्लक होती भारतात. एक कॅनडात ओटावाला गेलं, एक अमेरिकेत टूसॉनला. भारतात HE807 नंबर लावून उडालेलं एक विमान १९७४मध्ये ब्रिटनला परत गेलं. ते आता हेंडनला आहे.

म्युझियममध्ये तिकीट नाही, आत शिरायचं आणि फिरायचं. बॉम्बर विमानांच्या हॉलमध्ये सगळी गर्दी लँकेस्टरपाशी होती. १३७ मोहिमा करून आलेलं विमान, नाकाजवळ एकेका मोहिमेची खूण रंगवलेली. मुलं त्या खुणा मोजत होती. लिबरेटर थोडं पुढे, चंदेरी, पोट जमिनीला टेकतंय की काय वाटावं असं जाडजूड. पंखांची लांबी ११० फूट. अंगावर ब्रिटिशांचं युद्धकाळातलं चिन्ह. पुण्याची काही खूण बाहेरून दिसत नव्हती.

सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे सांगलीत साडेचार, आबांच्या चहाची वेळ. मी व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर त्यांचं कपाळ आणि सिलिंग फॅन. मी काहीच बोलले नाही, कॅमेरा फिरवून विमानाकडे धरला.

बराच वेळ कपाळ हललं नाही. मग आवाज आला, "खाली ट्रे हाय का?"

मी कॅमेरा इंजिनाखाली नेला. स्वच्छ फरशी.

"मग इंजिनात त्याल न्हाई. त्याल असलं की गळणारच ते."

ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात. आबांचा आवाज त्या हॉलमध्ये घुमला. लँकेस्टरपाशी उभे असलेले दोघे-तिघे वळून बघायला लागले. मी आवाज कमी करायला बटणाकडे बोट नेलं आणि थांबले.

आबा सांगत होते. इंजिन चालू करायच्या आधी पंखा हाताने फिरवावा लागतो, दोघा-तिघांनी जोर लावून. रात्रभरात तेल खालच्या सिलिंडरमध्ये उतरून बसतं. तसंच स्टार्ट केलं तर आतला दांडा वाकतो, विमान गेलं कामातून. एका इंजिनाला १४ सिलिंडर, सिलिंडरला दोन प्लग. चार इंजिनं.

"किती झालं?" त्यांनी विचारलं.

मी बोटांनी एक-एक-दोन दाखवले.

"एकशेबारा. समदं हातानं."

पर्समधून पेन काढून मी म्युझियमच्या नकाशामागे मोठ्या अक्षरात HE807 लिहिलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. खाली लिहिलं, 'हे विमान तुमचं होतं?'

"आता काय आठवतंय! नंबर पायलटला ठावं. आमाला इंजिन ठावं."

मी पुन्हा लिहिलं, 'आवाज किती असायचा?'

"कानात कापसाचं बोळं घालायचो. पर एखादं सिलिंडर मिस व्हायला लागलं, की कुठलं ते ऐकावं लागायचं. मग बोळं काढायचं आन् जवळ जाऊन हुबं ऱ्हायचं. कान चांगलं हुतं माजं. साहेब मलाच बोलवायचं."

मला पुढे काही लिहिता आलं नाही. एकेक इंजिन १२०० अश्वशक्तीचं. अशी चार इंजिनं चालू असताना एक माणूस कानातले बोळे काढून त्यातला एक चुकार ठोका शोधत उभा आहे. ज्याचे कान चांगले, त्यालाच बोलावलं जायचं, म्हणून त्याचेच कान गेले. हेंडनला विमान होतं, इंजिनं होती, फक्त तो आवाज नव्हता. तो आमच्या सांगलीच्या हॉलमध्ये राहिला होता आणि आम्ही त्याला 'हो हो, आबा' म्हणत होतो.

परत आल्यावर मी आबांना मिरजेला नेऊन कान तपासले. डॉक्टर म्हणाले, मशीनचा थोडाफार उपयोग होईल. आबांनी चार दिवस मशीन लावलं आणि पाचव्या दिवशी डबीत ठेवून दिलं. "फॅनचा लई आवाज येतो," म्हणाले. म्युझियमच्या दुकानात मला लिबरेटरचं काही मिळालं नव्हतं, म्हणून लँकेस्टरचा फ्रिज मॅग्नेट आणला होता. तो उलटासुलटा करून बघितला. "हे आमचं न्हवं," म्हणाले आणि फ्रिजला लावला. आता त्याखाली दूधवाल्याचा हिशोब अडकवलेला असतो.

मशीनपेक्षा वही चालली. शंभर पानी वही आणि जाड स्केचपेन. मी प्रश्न लिहिते, आबा बोलून उत्तर देतात, मी ते फोनवर रेकॉर्ड करते. लोहगावच्या थंडीत पंखा किती जड लागायचा. पहिला पगार किती होता. गावी रजेवर आल्यावर काय सांगायचे. एका रविवारी मी पानाच्या वरच लिहिलं, 'सॉरी.'

"कशाबद्दल?"

'टीव्ही,' मी लिहिलं. 'बारावी.'

आबांनी चष्मा नीट केला, पुन्हा वाचलं. "परीक्षा हुती की तुजी," म्हणाले आणि पुढचा प्रश्न काय आहे ते बघायला पान उलटलं.